म्हणे बायका घाबरट असतात गुंतवणुकीत!

ऑफिसात डबे उघडले की आमच्या टेबलावर मुलगे कॉल-पुटबद्दल बोलतात. मुली एफडी, सोनं, फार तर एसआयपी. मग कोणीतरी हसत म्हणतोच, "बायकांना रिस्क घेता येत नाही."

बरं, रिस्क घेणाऱ्यांचं काय झालं? सेबीचाच अभ्यास आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. अमेरिकेत बार्बर आणि ओडीन यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त खरेदी-विक्री करतात आणि त्यातच आपला परतावा जास्त घालवतात. म्हणजे याला धाडस म्हणायचं की खाज?

पण मैत्रिणींनो, टाळ्या वाजवू नका. आपलंही चुकतंय. ७ टक्क्यांची एफडी, त्यावर ३० टक्के कर, हातात उरतात ४.९. महागाई ५ टक्के धरली तर पैसे वाढले कुठे? आणि दागिन्यांची घडणावळ मोडताना परत मिळत नाही.

हा स्वभाव जन्मजात आहे असं मला वाटत नाही. माझ्या भावाने ऑप्शन्समध्ये दीड लाख घालवले. आई म्हणाली, "जाऊ दे, शिकला." मी एसआयपी सुरू केली, पहिल्याच वर्षी चारशे रुपये कमी दिसले, तर बाबा म्हणाले, "तरी सांगत होतो!" मी ती बंद केली. त्याच्या चुकीला शिक्षण म्हणायचं आणि माझ्या चुकीला अक्कल नसणं, मग मी एफडीच करणार ना?

आणि खरं सांगते, सात वर्षं नोकरी करूनही माझ्या एफडी कुठे आहेत, कधी मुदत संपते, हे मला माहीत नव्हतं. सगळं बाबांकडे. त्यांनी फसवलं नाही, मीच कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात विचारलं. ते आधी गप्प झाले, मग फाईल काढून दिली. पासवर्डही बदलला. एसआयपी परत सुरू केलीय, आणि ती खाली गेली तरी या वेळी घरी सांगणार नाहीये.

पोरांनो, तुम्ही जरा कमी उड्या मारा. पोरींनो, आज रात्री घरी फक्त एवढंच विचारा: माझे पैसे कुठे आहेत?