आधी सेटिंग, मग बटण

मागच्या सेमिस्टरला मी आणि माझ्या रूम-पार्टनरने मिनी-प्रोजेक्ट म्हणून माझ्या बाबांच्या दुकानासाठी एक छोटं सॉफ्टवेअर केलं. पांढरकवड्याला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं, आणि सगळ्यात जाड वही उधारीची! व्हिज्युअल स्टुडिओ उघडलं, कोरा फॉर्म घेतला, टूलबॉक्समधून बटणं ओढून टाकली. दोन रात्रींत स्क्रीन तयार. दिवाळीच्या सुटीत लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "पोरी, हे मुंगीवाणी अक्षर मले दिसत नाही. अन् यात जमा कोणतं, नावे कोणतं?"

अक्षर होतं ८.२५ पॉइंटचं, बटण ७५ बाय २३ पिक्सेलचं. यातला एकही आकडा मी ठरवला नव्हता. ते फॉर्मसोबत आपोआप आले होते. मग मी एकेका बटणाचं अक्षर १४ पॉइंट केलं आणि इंग्रजी काढून "उधारी जमा करा" लिहिलं. तर बटणात अर्धीच अक्षरं मावली, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले गेले. सगळी सुटी बटणं ओढण्यात गेली.

खरं सांगायचं तर चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मी कॉन्व्हेंटची. बटणावर 'सेव्ह' लिहिताना दुसरा शब्द डोक्यातच आला नाही. म्हणजे माझंही एक डिफॉल्ट सेटिंग आहेच, आणि ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

डिफॉल्ट म्हणजे काय? आपल्याला न विचारता दुसऱ्याने घेतलेला निर्णय. तो वाईटच असतो असं नाही, पण तो बाबांना डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला नसतो.

परत आल्यावर टूल्स मेनूतलं ऑप्शन्स पहिल्यांदा नीट वाचलं. तिथे विंडोज फॉर्म्स डिझायनरचं 'जनरल' नावाचं पान आहे. बटणं जाळीला चिकटवायची की शेजारच्या बटणाच्या रेषेला, आणि जाळीचा चौकोन केवढा, हे तिथे ठरतं. चौकोन मुळात ८ पिक्सेलचा. गंमत म्हणजे १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्येही जाळी १२० ट्विपची होती. नेहमीच्या स्क्रीनवर १५ ट्विपचा एक पिक्सेल, म्हणजे तेच ८!

पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे सेटिंग प्रोजेक्टसोबत जात नाही, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच राहतं. माझ्याकडे जाळी होती, पार्टनरकडे रेषा. म्हणून आमचा फॉर्म दर वेळी दोन-चार पिक्सेल तिरपा व्हायचा आणि आम्ही एकमेकींवर चिडायचो. (बदल केल्यावर फॉर्म बंद करून पुन्हा उघडा, तेव्हाच तो लागू होतो. यातही आमचा अर्धा तास गेला.)

दुसरं पान ऑटोरिकव्हरचं. मुळात दर ५ मिनिटांनी ते काम वाचवून ठेवतं. होस्टेलवर लाइट जाते आणि ज्याच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे त्याला ५ मिनिटं म्हणजे काय, ते विचारा! मी २ मिनिटं केली. तरी कंट्रोल-एस ला पर्याय नाही.

आणि अक्षराचं? ते फॉर्मच्याच प्रॉपर्टीत ठरतं. बटणं टाकण्याआधी फॉर्मचा फॉन्ट मोठा केला की मागून येणारं प्रत्येक बटण तोच घेतं. ऑटोसाइज चालू केलं की मजकुराबरोबर बटणही वाढतं. हे आधी माहीत असतं तर माझी दिवाळी वाचली असती.

काही मित्र म्हणतील, सेटिंग करत बसणं म्हणजे काम टाळण्याचा बहाणा. मान्य! डार्क थीम की लाइट थीम यावर जागलेल्या रात्री मीही पाहिल्यात. पण थीम आपल्या डोळ्यांसाठी असते. अक्षराचा आकार, भाषा आणि बटणाची जागा वापरणाऱ्यासाठी असते. पहिल्यावर हवा तेवढा वेळ घालवा, दुसरं मात्र विसरू नका.

सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर ग्रुपने ठरवलेली सेटिंग लिहायला लावा: जाळी, फॉन्ट, भाषा आणि हे कोणासाठी आहे ते. व्हायवाला त्यावर एक प्रश्न विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मित्रमैत्रिणींनो, पहिलं बटण ओढण्याआधी एकदा विचारा, हे दाबणार कोण? आमच्या दुकानात आता बाबा दाबतात. वही मात्र त्यांनी अजून बंद केलेली नाही. म्हणतात, "एक हंगाम पाहू दे."