नाकाबंदीवर गाडीची झडती : काय बंधनकारक, काय नाही

नागपूरच्या एका आपांनी विचारले आहे : "मुलगा मिहानमध्ये रात्रपाळीला जातो. वर्धा रोडवर नाकाबंदीत त्याची गाडी थांबवली. कागद पाहिले, डिकी उघडायला लावली, शेवटी जेवणाचा डबाही उघडून पाहिला. तेव्हापासून तो डबाच नेत नाही. त्याने नकार दिला असता तर चालले असते का?"

थोडक्यात उत्तर असे : गाडी थांबवणे आणि कागद दाखवणे टाळता येत नाही. झडती ही वेगळी गोष्ट आहे, तिला कारण लागते.

गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवणे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागदही चालतात. ते दाखवा, पण मोबाइल आपल्याच हातात ठेवा. लायसन्स जप्त केले तर पावती मागा.

कागद पाहण्याच्या या अधिकारात डिकी किंवा पिशवी उघडण्याचा अधिकार येत नाही. तो अधिकार इतर कायद्यांतून येतो : चोरीचा माल, शस्त्र किंवा अमली पदार्थ असल्याचा सबळ संशय असेल तर. म्हणून "साहेब, कशासाठी तपासणी आहे?" असे शांतपणे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे असते. वस्तू जप्त केली तर तिची यादी होते, त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात. कोऱ्या कागदावर सही करू नका. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यायची असते.

आता डब्याविषयी, कारण खरी भीती तिथेच आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, तसे मांस बाळगणेही गुन्हा आहे. हा कायदा आपणही पाळायचाच आहे. पण या कायद्याखाली गाडी तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, किंवा सरकारने अधिकृत केलेल्या व्यक्तीलाच आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, हे कलम रद्द केले. कोंबडी-बकऱ्याच्या मटणाला तर कसलीच बंदी नाही. मोठी खरेदी असेल तर दुकानाची पावती जवळ असू द्या.

गणवेश नसलेल्या, ओळखपत्र न दाखवणाऱ्या लोकांनी गाडी अडवली तर त्यांना झडतीचा अधिकार नाही. काचा वर घ्या, ११२ वर फोन करा, वाद घालू नका. जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्येच सांगितले आहे.

पोलिसांनी कारण न सांगता झडती घेतलीच, तर रस्त्यावर धक्काबुक्की करू नका. हात उचलला की लोकसेवकावर हल्ल्याचा गंभीर गुन्हा लागतो आणि मूळ तक्रार मागे पडते. नाव, बक्कल नंबर, वेळ आणि जागा लक्षात ठेवा. घरी पोचताच लिहून काढा. मग पोलीस आयुक्तांकडे किंवा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. अटकेत असलेल्यांनाही मिळतो.

आपा, घरात बसून एकदा मुलाकडून याची उजळणी करून घ्या : थांबायचे, कागद दाखवायचे, कारण विचारायचे, आवाज चढवायचा नाही. गाडीचा विमा आणि पीयूसी संपले नाहीत ना, तेही पाहा. आणि उद्यापासून त्याच्या हातात डबा पुन्हा द्या. रात्रभर राबणाऱ्या पोराने घरचे जेवण भीतीपोटी सोडावे, असे कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही.