एका गोलाचे अंतर

मुंबई-आग्रा महामार्गावरील ओझरचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम विमान येते, आणि ते स्वाभाविकच आहे. मिग-21 या विमानाचे इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला आणि सांगाडा ओझरला, अशी कामाची वाटणी साठच्या दशकात झाली आणि 1964 मध्ये अस्तित्वात आलेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने या द्राक्षांच्या मुलखात कारखाना आणि वसाहत उभी केली. या कंपनीच्या नावाने एक फुटबॉल संघही देशाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत खेळला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. तो संघ बंगळुरूचा होता. तरीही छातीवरची अक्षरे तीच होती, जी ओझरच्या कामगाराच्या ओळखपत्रावर असत.

आय-लीग या स्पर्धेत हा संघ 2010-11 आणि 2011-12 असे दोनच हंगाम टिकला. चौदा संघांची ती स्पर्धा, प्रत्येकाच्या वाट्याला सव्वीस सामने. समोर कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स, म्हणजे परदेशी खेळाडूंना मोठे मानधन देऊ शकणारे क्लब. एचएएलचा संघ मुख्यतः नोकरदारांचा. पहिल्या हंगामात तो कसाबसा तरला. जेसीटी आणि ओएनजीसी हे दोन संघ खालच्या श्रेणीत गेले. दुसऱ्या हंगामाअखेर मात्र ती पाळी त्याच्यावर आली.

नोकरदारांचा किंवा हौशी खेळाडूंचा संघ म्हणजे काय, हे कारखान्याच्या गावात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पाळी बदलून घ्यायची, त्यासाठी सहकाऱ्याची मनधरणी करायची, रात्रपाळीचा थकवा अंगावर असतानाच दुपारी मैदानावर उतरायचे, दुखावलेला गुडघा घरच्यांपासून लपवायचा आणि दुसऱ्या दिवशी यंत्रापुढे उभे राहताना पाय किंचित ओढत चालायचे. असा संघ दुबळा असतोच असे नाही. साठ-सत्तर मिनिटे तो बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला बरोबरीत रोखून धरतो. त्यानंतर मात्र कौशल्यापेक्षा दमाची परीक्षा सुरू होते आणि दिवसभर सराव करणारा संघ अर्धवेळ सराव करणाऱ्याला गाठतो. निसटत्या पराभवांपैकी कितीतरी शेवटच्या दहा मिनिटांत घडतात, ते यामुळे. लोक त्याला दैव म्हणतात. त्यात दैवाचा भाग असतो, पण तो समजला जातो तेवढा मोठा नसतो.

साखळी स्पर्धेत या पराभवाचा हिशेब आणखी निष्ठुर असतो. बाद फेरीत हरलेला संघ घरी जातो आणि विषय संपतो. साखळीत तो पराभव गुणतक्त्यात वर्षभर लिहिलेला राहतो. शिवाय एका गोलाने हरले काय आणि पाच गोलांनी हरले काय, गुणांच्या रकान्यात शून्यच पडते. फरक पडतो तो गोलफरकाच्या रकान्यात, आणि तो रकाना दोन संघांचे गुण समान झाले तरच उघडून पाहिला जातो. नव्वद मिनिटांच्या झुंजीला तक्त्यात जागा नसते.

विजयाला किती गुण द्यावेत, हा प्रश्नही वाटतो तितका किरकोळ नाही. पूर्वी विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण असे. इंग्लंडमध्ये 1981 पासून विजयाला तीन गुण देण्यास सुरुवात झाली आणि 1994 च्या विश्वचषकात ही पद्धत जगापुढे आली. हेतू चांगला होता. संघांनी बरोबरीवर समाधान न मानता जिंकण्यासाठी खेळावे. परंतु कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडून पाहावेत. सव्वीस सामन्यांत एका संघाने दहा बरोबऱ्या साधल्या आणि सोळा सामने गमावले. दुसऱ्याने चार जिंकले आणि बावीस गमावले. जुन्या पद्धतीने पहिल्याचे दहा आणि दुसऱ्याचे आठ गुण होतात. नव्या पद्धतीने पहिल्याचे दहाच राहतात, दुसऱ्याचे बारा होतात. म्हणजे चिवटपणे गोल वाचवून, अंगावर चेंडू झेलून बरोबरी साधणाऱ्या संघाची कमाई तीच राहिली, पण तिचे मोल घटले. बचाव हेच ज्याचे मुख्य भांडवल, त्या संघाला हा नियम जाचक ठरतो, आणि नोकरदारांच्या संघांचे भांडवल बहुधा तेच असते.

खेळाबाहेरच्या नियमांनीही या संघांना सोडले नाही. आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटी पुढे आल्या आणि 2012-13 च्या हंगामानंतर मुंबईचा एअर इंडिया संघ व परत वर आलेला ओएनजीसी हे आय-लीगबाहेर झाले. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ त्याआधीच, 2010 मध्ये, बंद करण्यात आला होता. त्याने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. बँका, रेल्वे, विमा, पेट्रोलियम कंपन्या यांनी खेळाडूला दिलेली नोकरी ही त्याच्या गुडघ्याची हमी असे. पाय निकामी झाला तरी महिन्याचा पगार आणि उतारवयात निवृत्तिवेतन चुकत नसे. क्लबशी होणाऱ्या करारात रक्कम मोठी असू शकते, ती हमी नसते. आईवडिलांनी मुलाला मैदानावर पाठवावे की शिकवणीला, हा निर्णय या एका फरकावर अवलंबून राहतो, आणि त्यांना दोष देता येत नाही.

हौशी संघाच्या निसटत्या पराभवांत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थातच 1948 च्या लंडन ऑलिंपिकचे. स्वातंत्र्यानंतर भारत प्रथमच उतरत होता, बहुतेक खेळाडू अनवाणी होते. 31 जुलैला फ्रान्सविरुद्ध पहिला गोल फ्रान्सने केला. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला. या सामन्यात भारताने दोन पेनल्टी किक वाया घालवल्या. पेनल्टीच्या ठिपक्यापासून गोल बारा यार्डांवर असतो, आणि समोर एकटा गोलरक्षक. बूट नसल्यामुळे भारत हरला, असे कित्येकदा सांगितले जाते, पण त्या दोन किकचा विचार केल्यावर ते पटत नाही.

अलीकडचा असाच एक सामना मात्र खऱ्या अर्थाने साखळीतला होता. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. महाराष्ट्रातील शाळांत 15 सप्टेंबरला दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम सरकारने त्यासाठी राबवला होता. भारतीय संघात कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव होता. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. वयाने ही सारी मुले शाळा-कॉलेजातलीच.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर 6 ऑक्टोबरला अमेरिकेकडून 0-3 असा पराभव झाला. तीनच दिवसांनी समोर कोलंबिया. मोठ्या पराभवाची सर्वांनी मनोमन तयारी केली असावी. पण मुलांनी पूर्वार्धात एकही गोल होऊ दिला नाही. उलट मध्यंतराआधी राहुल के. पी.ने मारलेला चेंडू गोलच्या खांबावर आदळून परत आला. खांबाची जाडी बोटांच्या मापाने मोजावी एवढी. उत्तरार्धात पेन्यालोसा याने एकोणपन्नासाव्या मिनिटाला कोलंबियाला आघाडी मिळवून दिली. ब्याऐंशीव्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला. संजीव स्टॅलिनने चेंडू आत सोडला आणि मणिपूरच्या जिकसन सिंगने डोक्याने तो जाळ्यात धाडला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. स्टेडियम उठून उभे राहिले.

मुले अजून आनंदातच होती. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाने दुसरा गोल केला. अनुभवी संघ अशा वेळी चेंडू दोन-तीन मिनिटे आपल्याच पायांत फिरवत ठेवतो, श्वास खाली बसू देतो. ते शहाणपण सोळाव्या-सतराव्या वर्षी कोणाजवळ असते? उरलेल्या मिनिटांत बरोबरीचा गोल झाला नाही. सामना 1-2 असा संपला.

त्यानंतर 12 ऑक्टोबरला घानाने 0-4 असे हरवले. गटाच्या तक्त्यात भारताच्या नावापुढे सामने तीन, पराभव तीन, स्वीकारलेले गोल नऊ आणि गुण शून्य अशी नोंद झाली. केलेल्या गोलांच्या रकान्यात एक होता.