दहा मीटरांची हद्द

सिडनीस लेकीकडे येऊन महिना लोटला, तरी येथील कुत्र्यांना सरकारदरबारी नेमकी किती प्रतिष्ठा आहे, याचा उलगडा मला होत नव्हता. तो गेल्या रविवारी, सेंट पीटर्स भागातील सिडनी पार्कमध्ये, एका विजेच्या तव्याजवळ, किंबहुना त्या तव्यापासून दहा मीटरांवर झाला.

हे उद्यान सुमारे ४० हेक्टरांचे असले तरी त्याची भूमी कुलीन नव्हे. एके काळी येथे विटांचे कारखाने होते; मातीसाठी खणलेल्या त्यांच्या अजस्र खाणी पुढे शहराच्या केरकचऱ्याने भरल्या, आणि त्या उकिरड्यावर माती लोटून व झाडे लावून १९९१ साली हे उद्यान सिद्ध झाले. भट्ट्यांची चार धुराडी तेवढी जुन्या वतनदारासारखी उभी आहेत.

येथे कुत्र्यांना साखळीवाचून हिंडण्याची मुभा आहे. आमच्या बंडूने (हा जातीने लॅब्राडोर, वृत्तीने भिक्षुक) त्या मुभेचा अर्धा तास मनसोक्त उपभोग घेतला आणि मग, सॉसेजचा वास येताच, तव्यांच्या दिशेने कूच केले. तोच जावयांनी त्याचा पट्टा धरला. "बाबा, बंडू इथवरच. पुढे कायदा आहे."

कायदा खरोखरच आहे. न्यू साउथ वेल्सच्या १९९८ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या कायद्यान्वये, सार्वजनिक जागी अन्न शिजविण्यासाठी वा खाण्यासाठी जी सोय केलेली असेल, तिच्यापासून दहा मीटरांच्या आत कुत्र्यास मज्जाव आहे. म्हणजे मोकळे कुत्रे आणि फुकटचे तवे ही ज्या उद्यानाची दोन भूषणे, त्यांची परस्परभेट मात्र निषिद्ध! जावयांनी तव्यापासून लांब ढांगा टाकीत, जुन्या मोजणी खात्यातील कारकुनाच्या गांभीर्याने, दहा मीटर मोजले, वर एक ढांग सरकारच्या समाधानार्थ टाकली, आणि तेथे सतरंजी अंथरली.

तव्याविषयी लिहिले पाहिजे. निखारे नाहीत, धूर नाही; विटांच्या ओट्यात बसविलेला पोलादाचा चकचकीत पत्रा, आणि खाली एक बटण. ते दाबले की पत्रा तापतो व ठराविक वेळाने आपोआप निवतो. दाम पडत नाही. फक्त उठण्यापूर्वी तवा पुसून पुढच्याच्या स्वाधीन करावयाचा, असा दस्तूर आहे. उघड्यावर अग्नी पेटविण्यास सरसकट मनाई होते अशा वणव्याच्या दिवसांतही हे विजेचे तवे वापरता येतात.

आमच्या आधी एक वृद्ध गृहस्थ सॉसेज परतीत होते. त्यांनी चिमट्याने आपली चीजवस्तू एका कडेला सारून अर्धा तवा आम्हांस मोकळा करून दिला. सौभाग्यवतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लेकीने मात्र काही न बोलता पिशवीतून फॉइलची गुंडाळी काढली, आमच्या अर्ध्या तव्यावर पसरली, आणि तिच्यावर पनीर व वांग्याचे काप मांडले. सोवळ्याची ही आवृत्ती आमच्या आजीस पटली नसती. परंतु वांगी उत्तम भाजली.

बंडूपाशी कोणी तरी बसणे भाग होते, तो पहारा मी मागून घेतला. आमच्या वाड्यातील मोती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून तासन्‌तास बसे. त्यास कोणी कलम वाचून दाखविले नव्हते. बंडूही तसाच टेकला होता, फक्त त्याचा उंबरठा अदृश्य होता. लेकीने पान आणून दिले आणि बजावले, "कांदा देऊ नका हं बाबा, त्याला बाधतो."

इतक्यात वाकड्या चोचीचा, काळ्या उघड्या डोक्याचा एक पांढरा शराटी, ज्यास येथे 'बिन चिकन' म्हणजे उकिरड्यावरची कोंबडी म्हणतात, डुलत डुलत थेट ओट्यापाशी गेला. दहा मीटरांच्या त्या कलमात पक्ष्यांविषयी अक्षर नाही. त्याने गृहस्थांच्या ताटलीतील एक सॉसेज उचलले, चोचीत सावरले, आणि बंडूच्या नाकासमोरून, हद्दीच्या बरोबर आतल्या अंगाने, तो चालता झाला.

बंडूने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी पानातले पनीर निवले आहे का ते बोटाने चाचपले.