मीठ कोणाच्या हातचे?

भाव वाढला तरी जिची मागणी घटत नाही अशा वस्तूचे उदाहरण म्हणून अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे मिठाचेच नाव घेत आलो. १९३० साली दांडीला, वडाळ्याला आणि शिरोड्याला सत्याग्रह झाले त्यामागेही हेच सत्य होते. जे कोणालाच टाळता येत नाही, त्यावरील कराचा भार गरिबावर अधिक पडतो. आज मात्र मिठाचा प्रश्न केवळ भावाचा नाही. ते आपल्या अन्नात कोण घालतो आणि किती घालतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा वैद्यकीय पाया ज्यांनी घातला, त्यांत लुईस डाल या अमेरिकन संशोधकाचे नाव अग्रभागी आहे. ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी निवडक पैदाशीने उंदरांचे दोन वंश तयार केले. आठ टक्के मिठाच्या आहारावर एका वंशाचा रक्तदाब चढे, दुसऱ्याला मात्र फारशी बाधा होत नसे. पुढे १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी एका वंशाची मूत्रपिंडे दुसऱ्या वंशात बसवली, तेव्हा रक्तदाबही मूत्रपिंडाबरोबर गेला! मूत्रपिंड ज्या वंशाचे, त्या वंशाकडे रक्तदाबाचा कल.

याचे कारण समजण्याजोगे आहे. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात विरघळलेले जवळजवळ दीड किलो मीठ गाळले जाते आणि बहुतेक सारे पुन्हा रक्तात घेतले जाते. खाल्लेले जादा मीठ तेवढे बाहेर टाकायचे असते. ज्यांची मूत्रपिंडे या कामी उणी पडतात, त्यांच्या शरीराला ते बाहेर लोटण्यासाठी दाब वाढवावा लागतो. हाच वाढलेला दाब कालांतराने मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा नाश करतो. असे हे दुष्टचक्र आहे.

परंतु डाल प्रयोगशाळेतच थांबले नाहीत. बाजारात मिळणारे डबाबंद बालान्न त्यांनी मीठ न सोसणाऱ्या उंदरांना घातले आणि त्यांचा रक्तदाब चढल्याचे १९७० साली जाहीर केले. तान्ह्या मुलाला खारटपणाची आवड नसते. चमच्याची चव पाहणाऱ्या आईला ते अन्न बेचव वाटू नये, म्हणून त्यात मीठ पडत असे. १९७०च्या दशकातच अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी ते घालणे सोडले. कोणत्याही मातेला उपदेश न करता जे साधले, ते कारखान्यात साधले.

‘मीठ कमी खा’ हा उपदेश म्हणूनच अपुरा आहे. आपल्या देशात बरेचसे मीठ अजूनही घरच्या स्वयंपाकातून, लोणच्या-पापडातून येते, हे मान्य केले पाहिजे. उन्हात राबणाऱ्याची मिठाशी भाकरी ही चैन नव्हे. त्याच्या ताटातील ते एकमेव तोंडीलावणे असते. त्याला दोष देणे क्रूरपणाचे होईल. पण फरसाणाची आणि झटपट शेवयांची पुडी आता वस्त्या-पाड्यांवरही पोचली आहे, आणि तिच्यातील मीठ खाणाऱ्याच्या हातचे नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मिठाची शिफारस करते. आपण त्याहून पुष्कळ अधिक खातो.

यात शासनाने पडू नये, असे म्हणणाऱ्यांना आठवण द्यावीशी वाटते की, २००६ सालापासून खाण्याच्या मिठात आयोडीन असणे शासनानेच सक्तीचे केले आहे. ब्रिटनमध्ये २००३ नंतर उत्पादकांना पदार्थवार मर्यादा आखून दिल्या गेल्या आणि २०११ पर्यंत माणशी मीठ साडेनऊ ग्रॅमवरून सुमारे आठ ग्रॅमवर आले. चिलीने २०१६ पासून अधिक मिठाच्या पाकिटावर काळा इशारा छापणे बंधनकारक केले. आपल्याकडेही पदार्थवार कमाल मर्यादा आणि पाकिटाच्या दर्शनी भागावर, वाचकाच्या भाषेत ठळक इशारा, एवढे तरी सक्तीने झालेच पाहिजे.

मूत्रपिंड निकामी झालेल्या मजुराला आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर खेपेस सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. डायलिसिस मोफत मिळाले तरी बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे त्याचेच. पुडीचा नफा एकाच्या खात्यावर आणि त्या यंत्राचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर व मजुराच्या घरावर, हा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.