समुद्रात सोडणं ही जीवदया नव्हे



गेल्या महिन्यात आमच्या घरचं प्रवाळ आजारी पडलं, तेव्हा सगळ्यांत जास्त मिळालेला सल्ला एकच होता, "कळंबच्या समुद्रात सोडून दे, पुण्य लागेल." सल्ला देणाऱ्या माझ्या जवळच्याच, रोज देवदर्शन करणाऱ्या बायका आहेत. म्हणूनच स्पष्ट लिहिते. हे पुण्य नाही, हात झटकणं आहे.

लेकाच्या हट्टापायी घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली. तिच्यात मासा नाही. छत्रीच्या आकाराचं एक मऊ प्रवाळ आहे, दुकानात त्याला लेदर कोरल म्हणतात. हे प्रवाळ अधूनमधून मिटतं, मेणासारखी कात टाकतं आणि पुन्हा फुलतं. म्हणून आम्ही वाट पाहिली. पण या वेळी कडेला काळा डाग पडला आणि पाण्याला कुजका वास येऊ लागला.

"अगं, तो तर दगड!" असं एक काकू म्हणाल्या. काकू, आपल्या शास्त्रात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात, म्हणजे एकेंद्रिय जीवांत आहे. विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. एका छत्रीवर असंख्य इवली तोंडं, प्रत्येकाभोवती आठ बारीक हात. कोणतीही बाजू धरा, तो जीवच आहे.

आता समुद्राचं. सुरूच्या बनापलीकडचं आपलं पाणी किती गढूळ आहे, ते आपण रोज पाहतो. या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते उजेडात जे अन्न बनवतं त्यावरच प्रवाळ मुख्यतः जगतं. गाळात उजेड कुठून मिळणार? शिवाय टाकीतला रोग तिथल्या जीवांना लागू शकतो, तो वेगळाच. मुंबईच्या किनाऱ्यालाही प्रवाळं आहेत, पण ती इथल्याच पाण्यात वाढलेली. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये त्यातली काही हलवली, तीही परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. बादली उपडी करून नव्हे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दशलक्षण पर्वात आपण ते दरवर्षी ऐकतो. टाकीत कोंडणं हा बंध. तो दोष माझा, मी नाकारत नाही. पण अंधाऱ्या पाण्यात फेकणं म्हणजे त्यावर अन्नपाननिरोधाची भर. एक दोष दुसऱ्या दोषाने धुतला जातो का?

"मग कापलंस, तो छेद नाही का?" असंही विचारलं गेलं. सडलेला भाग आम्ही स्वच्छ ब्लेडने काढला, टाकीच्याच पाण्यात आयोडीनचं औषध घालून उरलेला भाग काही मिनिटं बुडवला. डॉक्टर गँगरीन झालेलं बोट काढतात, तेव्हा आपण त्यांना हिंसक म्हणतो का? हिंसेचं मूळ प्रमादात आहे आणि खरा प्रमाद आमचा आधीच झाला होता. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तरी आम्ही तूट भरायला खारंच पाणी ओतत होतो. खारटपणा मोजला तर 1.030 निघाला, हवा 1.025 च्या आसपास. रोज थोडं साधं आरओचं पाणी घालत तो हळूहळू उतरवला. अशी प्रवाळं पाण्यात विषारी द्रव्यं सोडतात, म्हणून फिल्टरमध्ये कोळसा घातला. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीचा पंप आणला. तीन आठवड्यांनी अर्ध्या छत्रीवर ते बारीक हात पुन्हा दिसले. बाकी अर्धं अजून मिटलेलंच आहे.

आणखी एक, थोडं कडू. मला उपदेश करणाऱ्या दोघींच्या बोटांत मंगळासाठी पोवळं आहे. पोवळं म्हणजे या मऊ प्रवाळाच्याच आठ हातांच्या कुळातल्या जीवाचा सांगाडा. माझं प्रवाळ निदान जिवंत आहे.

म्हणून सांगते, टाकी घेऊच नका. तो शोभेचा परिग्रह आहे. कठीण प्रवाळ, समुद्रपंखा तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते विकत घेणं गुन्हाच. पण घरात जीव आणून बसला असाल, तर शेवटपर्यंत सांभाळा. म्हातारी गाय आपण पांजरपोळात ठेवतो, रस्त्यावर सोडत नाही. आमची टाकी आता तसा पांजरपोळ आहे. नवीन जीव तिच्यात येणार नाही.

जय जिनेंद्र.