मंदीत पिकअप घेताना सौदा कशाचा करावा?

‘गरजवंताला अक्कल नसते’ अशी म्हण आहे. गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला ती एरवी चांगलीच लागू पडते. भाजीचा हंगाम तोंडावर आलेला असतो, किराणा दुकानाचा माल आणायला रोज भाड्याचा टेम्पो शोधावा लागतो, मंडपवाल्याने लग्नाच्या तारखा घेऊन ठेवलेल्या असतात. अशा वेळी शोरूमवाला सांगेल तो भाव आणि तो म्हणेल तितके दिवस थांबणे, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती असते.

मंदीत मात्र पारडे फिरते. गिऱ्हाईक थांबू शकते. विक्रेत्याला थांबणे परवडत नाही. म्हणूनच मंदी हा भाव करण्याचा उत्तम काळ. पण भाव नेमका कशाचा करायचा, हे ठाऊक नसले तर या काळाचा काहीच उपयोग होत नाही. घरातले दागिने गहाण ठेवून पहिली पिकअप घेणारे कुटुंब ‘वीस हजार सूट’ ऐकून हुरळते, पेढे वाटते आणि तेच वीस हजार कर्ज, विमा व किरकोळ खर्चाच्या वाटेने त्याच शोरूममध्ये परत देऊन येते.

विक्रेता का वाकतो?

शोरूमच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्या डीलरने कंपनीकडून विकत घेतलेल्या असतात, आणि त्याही बहुधा कर्ज काढून. न विकलेली गाडी दररोज व्याज खात असते. शिवाय कंपनीने त्याला महिन्याचे आणि तिमाहीचे लक्ष्य ठरवून दिलेले असते. ते गाठले तर जादा कमिशन, हुकले तर ते बुडाले. त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा, मार्च आणि डिसेंबर या काळात विक्रेता अधिक मऊ असतो.

बाजार मंद आहे की नाही, हे ओळखायचे कसे? कंपन्यांची संघटना ‘सियाम’ जे आकडे देते, ते मुख्यतः डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. डीलरांची संघटना ‘फाडा’ प्रत्यक्ष नोंदणी झालेल्या गाड्या मोजते. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा सतत मोठा राहू लागला, की माल साचतो आहे असे समजावे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवासी मोटारींचा साठा ऐंशी दिवसांच्याही पुढे गेल्याचे ‘फाडा’ने सांगितले होते. २०१९-२० या वर्षात तर व्यापारी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या सुमारे १० लाख ७ हजारांवरून ७ लाख १७ हजारांवर घसरली होती. अशा वेळी गिऱ्हाइकाने घाई करण्याचे काहीच कारण नसते.

सूट नको, शेवटची रक्कम सांगा

घासाघीस एक्स-शोरूम किमतीवर होते, पण खिशातून जाते ती ‘ऑन-रोड’ रक्कम. तिच्यात गाडीची किंमत, रस्ता-कर, नोंदणी, विमा, जोडसामान आणि ‘इतर’ असे अनेक भाग असतात. यातले कर व सरकारी शुल्क कोणी कमी करू शकत नाही. बाकी सगळे मात्र बोलण्यासारखे असते.

विम्याचेच पाहा. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवते. तो सगळीकडे सारखाच. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. डीलर सांगेल त्याच कंपनीचा विमा घ्यावा, असे बंधन ग्राहकावर नाही. बाहेरून एक-दोन दर काढून आणले, तर अनेकदा शोरूममधला हप्ताही खाली येतो.

काही कोटेशनांत ‘हँडलिंग चार्जेस’ अशी एक ओळ दिसते. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम भावात धरलेला असतो, मग हे हाताळणे कसले, असा प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावा. ताडपत्री, सीट कव्हर, हौद्यातला पत्रा, रबरी मॅट यांचेही तेच. बाजारात भाव काढला की कळते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणजे काय ते.

स्वस्ताईचे कारण विचारा

मोठी सूट मिळत असेल तर आनंद मानण्याआधी कारण विचारावे. डिसेंबरात गाडी स्वस्त मिळते, कारण १ जानेवारीला ती ‘गेल्या वर्षीची’ होते. निर्मितीचा महिना आणि वर्ष नोंदणी पुस्तकावर येते, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच पाहते. दहा-बारा वर्षे गाडी चालवायची असेल तर हा सौदा चांगला. तीन वर्षांत बदलायची असेल तर आजची सूट तेव्हा वजा होणार, हे धरून चालावे.

२९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून ‘बीएस-३’ गाड्यांच्या विक्रीस मनाई केली. तेव्हा सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या, त्यांत ९६ हजारांवर व्यापारी वाहने होती. दोन दिवस सवलतींचा पाऊस पडला. २०२० साली ‘बीएस-४’च्या वेळी मात्र नोंदणीची मुदत आणि टाळेबंदी यांच्या कात्रीत सापडून कित्येक गाड्यांची नोंदणी अडकली. पासिंग न होणारी गाडी फुकट मिळाली तरी महागच.

करकपातीचेही असेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे मूळ किंमत शंभर रुपये असेल तर १२८ चे ११८ झाले. हा दिलासा सरकारचा आहे. तो जर कोणी ‘आमची खास सूट’ म्हणून दाखवू लागला, तर त्याची सूट अजून सुरूच झालेली नाही असे समजावे. दुकानदार स्वतः जीएसटी नोंदणीकृत असेल, तर धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवर भरलेला कर सर्वसाधारणपणे वळता करून घेता येतो. सौद्याआधी कर-सल्लागाराला हे जरूर विचारावे.

हप्त्यात लपलेला भाव

खरी गोम कर्जात असते. ‘दादा, हप्ता किती बसवू तेवढे सांगा,’ असे विक्रेता गोड बोलून विचारतो. या प्रश्नाला उत्तर देऊ नये. मुदत वाढवली की हप्ता हवा तेवढा लहान करता येतो, आणि किंमत नजरेआड होते.

समजा, ६ लाख रुपये ४ वर्षांसाठी ७ टक्के ‘फ्लॅट’ दराने घेतले. व्याज झाले १ लाख ६८ हजार, आणि महिन्याचा हप्ता १६ हजार. ऐकायला ७ टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६ लाखांवर लावलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. आणि हा ‘फ्लॅट’ दर ७ ऐवजी ८ लावला, तर चार वर्षांत २४ हजार रुपये जादा जातात. घासाघीस करून मिळवलेले वीस हजार त्यात कधीच बुडाले!

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात सर्व शुल्कांसह खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो मागून घ्यावा. त्याहून बरे म्हणजे आधी आपल्या बँकेत जाऊन दर काढावा आणि मगच शोरूमची पायरी चढावी.

भाव करण्याची रीत

एकाच मॉडेलचे, एकाच प्रकारचे कोटेशन दोन-तीन डीलरांकडून घ्यावे. जवळच्या दुसऱ्या शहरातलेही एक असावे. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. शिक्का, सही, निर्मितीचे वर्ष, एकूण रक्कम आणि ती किती दिवस कायम राहील, हे सर्व लेटरहेडवर हवे. आधी नव्या गाडीची किंमत पक्की करावी. नंतर विमा, मग कर्ज, आणि जुनी गाडी द्यायची असेल तर तिची गोष्ट सगळ्यात शेवटी काढावी. सगळे एकत्र कालवले की कुठे सुटले आणि कुठे गेले, ते समजत नाही.

बुकिंगची रक्कम देताना ती परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. गाडी ताब्यात घेताना चासी क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू एरवी ग्राहक कायद्यात बसत नाही. पण केवळ स्वतःच्या स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जो गाडी घेतो, त्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ‘ग्राहक’ मानले आहे.

आणि घरचा हिशेब

गाड्यांच्या बाजारातली मंदी अनेकदा भाड्याच्या बाजारातही असते, हे विसरून चालणार नाही. डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च जाऊन एका फेरीमागे पाचशे रुपये उरतात असे धरले, तर १६ हजारांच्या हप्त्यासाठीच महिन्याला ३२ फेऱ्या लागतात. टायर, दुरुस्ती, विमा आणि घरखर्च त्यानंतर. गेल्या सहा महिन्यांत भाड्याच्या गाडीच्या किती फेऱ्या कराव्या लागल्या, हे वहीत पाहावे. ती वही अनेक घरांत बाईच सांभाळत असते. म्हणून शोरूममध्ये जाताना तिलाही बरोबर न्यावे. विक्रेत्याचा आकडा आणि वहीतला आकडा शेजारी शेजारी मांडून पाहणारे कोणीतरी तिथे हवे.

फेऱ्या पुरेशा असतील तर मंदीचा फायदा अवश्य उठवावा. त्या कमी भरत असतील, तर आणखी काही महिने टेम्पो भाड्याने घेतलेलाच बरा. बाजार मंद आहे तोवर ती गाडी कुठे पळून जात नाही.